बाळ पोटात असताना घेतलेल्या फिट्सच्या गोळ्या, आणि आता न बोलणारा लेक

पत्र बरंच मोठं होतं, ओळख लपवून आणि थोडं कापून देतेय:

"ताई, मी भांडुपला राहते, वय ३१. दहावीपासून मला फिट्स येतात. लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. आधी व्हॅलप्रोएटवर होते, फिट्स पूर्ण बंद होत्या. मुलगा राहिला तेव्हा प्लॅनिंग नव्हतं, सातव्या आठवड्यात कळलं, मग डॉक्टरांनी हळूहळू गोळी बदलून लेव्हेटिरासिटाम केली. मध्ये डेंग्यू झाला तेव्हा पॅरासिटामॉल पण घेतली. डिलिव्हरी नॉर्मल, वजन २.८ किलो. आता तो पावणेतीन वर्षांचा आहे आणि जेमतेम दहा-पंधरा शब्द बोलतो, दोन शब्द जोडत नाही. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. सासूबाई म्हणतात तुझ्या गोळ्यांनी माझ्या नातवाचं वाटोळं केलं. मिस्टर काही बोलत नाहीत, पण त्यांनी एक व्हिडिओ पाठवला, त्यात हात-पाय नसलेली फॉरेनची बाळं दाखवलीत, प्रेग्नन्सीत गोळ्या घेतल्या म्हणून. आम्हाला दुसरं मूल हवंय. म्हणून दोन आठवडे झाले मी रात्रीची गोळी घेत नाहीये, कोणाला सांगितलं नाही. ताई, माझ्यामुळे झालं का हे?"

अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतेच, पण आधी ती रात्रीची गोळी. आज रात्रीपासून परत सुरू कर. राहिलेल्या भरून काढायला डबल घेऊ नकोस, नेहमीचा डोस घे, आणि उद्या सकाळी न्यूरोलॉजिस्टला फोन करून दोन आठवडे काय केलंस ते सरळ सांग. ओरडले तर ऐकून घे. डोस असा मधेच अर्धा केला की फिट परत यायचा धोका वाढतो, आणि बराच काळ बंद असलेली फिट परत आली तर ती मोठीही येऊ शकते. तू भांडुपची, म्हणजे लोकल आलीच, गर्दीत दाराशी उभी असताना फिट आली तर काय होईल हे मी लिहायची गरज नाही. मुलाला एकटीने आंघोळ घालत असशील, गॅसवर दूध असेल. झोप कमी झाली की फिट यायची शक्यता अजून वाढते, आणि तुझी झोप किती होतेय ते पत्रावरूनच दिसतंय. मिरगीमध्ये कंट्रोल नसलेल्या मोठ्या फिट्समुळे झोपेत अचानक जीव जाऊ शकतो, हे आपल्याकडे कुणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून मी सांगतेय. दुसऱ्या बाळासाठी काय करायचं ते खाली लिहिलंय, पण गोळी गुपचूप बंद करणं हा त्यातला भाग नाही.

आता तो प्रश्न. "गोळ्यांमुळे झालं का?" यावर दोन टोकाची उत्तरं तुला मिळत असणार. सासूबाई म्हणतात गोळ्यांमुळेच, आणि मैत्रिणी म्हणत असतील छे गं, गोळ्यांनी कुठे काय होतं, आमच्या ह्यांचा भाचा पण चार वर्षांचा झाल्यावर बोलला. दोन्ही बाजू अंदाजाने बोलतायत. मी तुला गोड बोलून समजूत घालणार नाही, कारण व्हॅलप्रोएटच्या बाबतीत धोका खराच आहे आणि तो तू कधीतरी गूगल करून वाचशीलच, रात्री दोन वाजता, एकटी. त्यापेक्षा इथे वाच.

व्हॅलप्रोएट हे जुनं आणि फिट्सवर खूप चांगलं चालणारं औषध, १९६७ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा बाजारात आलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधूनच कळलं की प्रेग्नन्सीत हे घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये मणक्याचा दोष, म्हणजे पाठीचा कणा नीट बंद न होणं, जास्त दिसतं. आणि मेंदूच्या वाढीवर, बोलण्यावर, शिकण्यावर परिणाम होतो हे नीट मोजून कळायला पुढची वीस-तीस वर्षं गेली. का, तर मणक्याचा दोष जन्मतःच दिसतो, पण बोलायला उशीर होणं दोन-तीन वर्षांनी दिसतं आणि गणित न जमणं सात वर्षांनी, तोपर्यंत त्या गोळीचा आणि ह्याचा संबंध जोडायला कोण बसलंय? मुलांच्या मागे वर्षानुवर्षं जाऊन मोजावं लागतं.

तसं मोजलेला एक मोठा अभ्यास अमेरिका आणि ब्रिटनमधला आहे, फिट्स असलेल्या आयांची मुलं सहा वर्षांची होईपर्यंत बघितली, निकाल २०१३ मध्ये छापून आला. व्हॅलप्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांचा सरासरी आयक्यू ९७ आला, बाकीच्या तीन औषधांच्या मुलांचा १०५ ते १०८. फरक मोठा आहे, नाकारायचं कारण नाही, आणि डोस जितका जास्त तितका परिणाम जास्त होता. पण तो ९७ आकडा परत बघ. सर्वसाधारण सरासरी १०० धरतात. म्हणजे त्या गटातली कितीतरी मुलं अगदी नेहमीसारखी शाळेत जाणारी होती, काहींना अडचण होती आणि काहींना खूप जास्त होती. त्याच वर्षी डेन्मार्कमधून ऑटिझमबद्दल आकडे आले, साडेसहा लाखांवर मुलांचे: एकूण मुलांमध्ये ऑटिझम १०० मागे साधारण दीड, आणि व्हॅलप्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये १०० मागे साधारण साडेचार. ह्याच आकड्यावर एखादा चॅनलवाला "तिप्पट धोका" म्हणून ओरडेल, आणि तो खोटं बोलत नसेल, पण १०० पैकी ९५ मुलांना ऑटिझम नव्हता हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

आणि हे बहुतेक आकडे प्रेग्नन्सीभर गोळी चालू असलेल्या बायकांचे आहेत. तुझी सातव्या आठवड्यात कळल्यावर बदलायला घेतली. म्हणजे ते आकडे जसेच्या तसे उचलून तुझ्या मुलाला लावता येणार नाहीत. उलट्या बाजूने, "पहिले दोनच महिने होती म्हणजे शून्य परिणाम" असंही मी म्हणणार नाही, कारण मेंदू पहिल्या काही आठवड्यांपासूनच घडत असतो आणि नऊ महिने, नंतरही, घडतच राहतो. मणका बंद व्हायचं काम मात्र त्या पहिल्या काही आठवड्यातच होऊन जातं, आणि ते तुझ्या मुलाचं नीट झालेलं आहे.

लेव्हेटिरासिटामचं म्हणशील तर आतापर्यंतचं चित्र बरंच दिलासा देणारं आहे. २०२२ मध्ये नॉर्वे, स्वीडन वगैरे पाच देशांतल्या जवळजवळ ४५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यात एकट्या लेव्हेटिरासिटामने किंवा एकट्या लॅमोट्रिजिनने (हे फिट्सचंच अजून एक औषध) ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता वाढलेली दिसली नाही. व्हॅलप्रोएटने दिसली, टोपिरामेटने पण दिसली. (टोपिरामेट मायग्रेनसाठी पण देतात, वजन कमी करायला पण काही ठिकाणी देतात, तेव्हा हे वाचणाऱ्या बाकीच्या बायकांनी आपली पट्टी एकदा उलटून नाव वाचा. व्हॅलप्रोएट पण फक्त फिट्ससाठी नसतं, बायपोलरसाठी आणि मायग्रेनसाठीही देतात, आणि कंपनीगणिक नाव वेगळं असतं.)

पॅरासिटामॉलचं सोडून दे डोक्यातून. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरासिटामॉल आणि ऑटिझम असं एकत्र बोलून टाकलं आणि तेव्हापासून मला रोज कोणीतरी विचारतंच. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला होता. नुसती घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांची मुलं तुलना केली तर अगदी किंचित फरक दिसला, पण मग त्यांनी सख्खी भावंडं घेतली, एकाच आईची, एका वेळी तिने गोळी घेतली होती आणि दुसऱ्या वेळी नव्हती, तर तो फरक गेला. म्हणजे तो गोळीचा नव्हताच, त्या घराचा होता, आईच्या तब्येतीचा, आनुवंशिक गोष्टींचा. डेंग्यूत ताप चढू न देणं गरजेचंच होतं, तू बरोबर केलंस.

ही भावंडांची युक्ती मुद्दाम सांगितली, कारण तुझ्या केसमध्येही हाच गुंता आहे. फिट्स असणं, त्यामागचे जीन्स, घरात अजून कोण उशिरा बोललं, मुलगा असणं (मुलग्यांमध्ये बोलायला उशीर आणि ऑटिझम दोन्ही जास्त दिसतं), कान, आणि गोळी, हे सगळं एकाच मुलात एकत्र असतं. आपल्याच देशात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये आला, त्यात जवळजवळ आठातल्या एका मुलाला विकासाशी संबंधित काही ना काही अडचण निघाली. आठात एक! त्या सगळ्यांच्या आया काय फिट्सच्या गोळ्या घेत होत्या?

तेव्हा सरळ उत्तर असं की गोळीचा वाटा असू शकतो, नसू शकतो, आणि एका मुलाला समोर बसवून हे सांगू शकेल अशी कुठलीही ब्लड टेस्ट किंवा एमआरआय नाही. आकडे गटाबद्दल खरं सांगतात, तुझ्या एका मुलाबद्दल नाही. आणि कारण कळलं तरी पुढची ट्रीटमेंट तीच राहते, म्हणून तू आणि घरातले सगळे ज्या प्रश्नावर भांडताय त्यावर एक दिवसही घालवायची गरज नाही. दिवस मुलाच्या तपासणीवर घालवा, कारण तिथे मात्र मी जरा काळजीत आहे आणि ते स्पष्ट सांगते.

पावणेतीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्दांची वाक्यं करतं, बाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं कळतं. दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूदू दे" असं दोन शब्दांचं यायला हवं. तुझ्या मुलाचे दहा-पंधरा शब्द, जोडणं नाही, बोट दाखवण्याऐवजी हात धरून ओढणं, हाकेला कधी ओ देणं कधी नाही. यातलं प्रत्येक वेगवेगळं असतं तर मी म्हटलं असतं बघू, पण सगळं एकत्र आहे तेव्हा "मुलगे उशिराच बोलतात" हे वाक्य घरात बंद. कोणी म्हणेल जीभ चिकटलीये, कापून घ्या. चिकटलेल्या जिभेने उच्चार थोडे बोबडे होऊ शकतात, पण शब्दच कमी असणं त्याने होत नाही. कोणी वेखंड उगाळून चाटवायला सांगेल, नको. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि प्लेस्कूलमध्ये इंग्लिश म्हणून गोंधळला, हेही ऐकशील. मुंबईतली कितीतरी मुलं तीन भाषांत वाढतात, त्याने मूल बोलायचं थांबत नाही, तेव्हा थेरपीसाठी म्हणून घरातली मराठी सोडून तुटक्या इंग्लिशमध्ये "कम बेटा, ईट बेटा" सुरू करू नकोस प्लीज.

पहिली टेस्ट कानाची. तो टीव्हीच्या आवाजाला वळतो म्हणून ऐकू येतंय असं समजू नका, काही मुलांना थोडे आवाज येतात आणि थोडे येत नाहीत, कानात पाणी साठलेलं असलं तरी ऐकणं वर-खाली होतं. या वयात बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट) आणि कानाच्या बाकीच्या टेस्ट होतात, बेराला मूल झोपलेलं लागतं म्हणून सकाळी लवकर उठवून न्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, सरकारी, तिथे ऐकण्याचं आणि बोलण्याचं दोन्ही बघतात. मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये तर ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं कॉलेजच आहे. भांडुपहून लांब पडेल, मान्य आहे, पण ही टेस्ट कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मशीन विकणाऱ्याकडे करू नकोस.

कानाबरोबरच डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनची, म्हणजे मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांची, अपॉइंटमेंट घे. साधे बालरोगतज्ज्ञ आणि हे वेगळे, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा. परळच्या वाडिया हॉस्पिटलमध्ये, तसंच उमीद ही संस्था आहे मुंबईत २००१ पासून, तिथे अशी पूर्ण तपासणी होते, केईएम आणि सायनला पण ओपीडी आहे. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून एकीकडे नंबर लावायचा आणि दुसरीकडे स्पीच थेरपी सुरू करायची. निदान होईपर्यंत थांबायचं नसतं, हे मी जरा जोरात सांगतेय कारण आपल्याकडे लोक रिपोर्ट येईपर्यंत सहा महिने नुसते बसून राहतात आणि हेच ते वय आहे जेव्हा थेरपीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. प्रायव्हेट थेरपीचे रेट ऐकून पोटात गोळा येतो हे मला माहितीये, म्हणून सरकारी आणि ट्रस्टची नावं आधी लिहिली. चांगला थेरपिस्ट तुलाच शिकवतो घरी काय करायचं, जो दार बंद करून मुलाला आत घेतो आणि तुला बाहेर बाकावर बसवून अर्ध्या तासाने परत देतो तो बदल.

डॉक्टरांना प्रेग्नन्सीची पूर्ण हिस्टरी सांग. लपवू नकोस. औषधाचं नाव, रोजचे किती मिलिग्रॅम, कितव्या आठवड्यात बदललं, बदलताना मधे दोन्ही औषधं एकत्र किती दिवस होती, प्रेग्नन्सीत फिट आली का, फॉलिक ॲसिड कधीपासून होतं. जुनी फाईल शोध, सापडत नसेल तर मेडिकलवाल्याकडे जुनी बिलं असतील. ही माहिती द्यायची ती कोणाला दोषी ठरवायला नाही, तर पुढे लक्ष कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून. कारण समजा आता थेरपीने तो छान बोलायला लागला, आणि पुष्कळ मुलं लागतात, तरी विषय संपवायचा नाही. व्हॅलप्रोएटचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांच्यात काहींच्या अडचणी शाळेत गेल्यावरच दिसतात: गोष्ट सांगता न येणं, लक्ष न टिकणं, सांगितलेल्या तीन गोष्टींतली एकच लक्षात राहणं, वहीतलं अक्षर. म्हणून पहिलीत जायच्या आधी, म्हणजे पाच-सहा वर्षांचा असताना, परत एकदा पूर्ण असेसमेंट करून घे, तो अगदी व्यवस्थित वाटत असला तरी. काहीच निघालं नाही तर उत्तमच. निघालं तर बाई "लक्ष देत नाही, मस्ती करतो" असा शेरा मारायच्या आत तुला माहीत असेल. आणि पुढे लागलंच तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझमही आहे आणि शिकण्यातली अक्षमताही आहे, सर्टिफिकेटवर शाळेत आणि बोर्डात सवलती मिळतात, पण ते खूप पुढचं, आत्ता त्याने घाबरू नकोस.

घरी काय करायचं ते थोडक्यात, कारण थेरपिस्ट सांगेलच. मोबाईल. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स म्हणते दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस बरोबर बसलेलं असताना. जेवताना मोबाईल आधी बंद, दोन दिवस तो ताट फेकेल, फेकू दे. तो हात धरून ओढतो तेव्हा लगेच वस्तू देऊ नकोस, खाली बस, त्याच्या डोळ्यांसमोर ये, "पाणी? पाणी हवं?" म्हण आणि थांब. मनात पाच आकडे मोज. आपण आया थांबतच नाही, आपणच विचारतो आणि आपणच उत्तर देतो. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द सोडून द्यायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. गॅलरीतून दिसणारी रिक्षा, कबुतर, भाजीवाला, ह्यातच तासभर भाषा आहे. "बोल, बोल ना, काकूंना म्हणून दाखव" हे बंद, सगळ्यांना सांग.

आता व्हिडिओ. त्यातली बाळं थॅलिडोमाइडची असणार. ते औषध १९५७ पासून पश्चिम जर्मनीत झोपेसाठी विकलं जात होतं, मग प्रेग्नन्सीतल्या मळमळीसाठी पण दिलं गेलं, बऱ्याच देशांत पसरलं, आणि हात-पाय नीट न वाढलेली दहा हजारांवर बाळं जन्मली तेव्हा १९६१ च्या शेवटी मागे घेतलं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या सरकारी अधिकारी डॉक्टरबाईंनी "पुरावा अपुरा आहे" म्हणून फाईल अडवून धरली म्हणून तिथली मुलं बरीचशी वाचली. खरी आणि भयंकर गोष्ट आहे, पण ते औषध वेगळं, तुझं वेगळं, आणि तुझ्या मुलाच्या बोलण्याशी त्या फोटोंचा काडीचा संबंध नाही. मिस्टर बोलत नाहीत आणि व्हिडिओ पाठवतात म्हणजे ते पण घाबरलेत असा मी अर्थ घेते. त्यांना कानाच्या टेस्टला बरोबर ने. नुसतं "चला" म्हणू नकोस, मुलाची झोप, फाईल, टॅक्सी ही कामं त्यांच्या नावावर टाक. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की बऱ्याच नवऱ्यांचा आवाज परत येतो.

सासूबाईंच्या बाबतीत मी तुला "समजून घे, मोठ्या आहेत" वगैरे म्हणणार नाही. नातवाची काळजी खरी असेल, पण खापर फोडायला सून हाताशी असते हेही तितकंच खरं. लग्नाआधी तू फिट्सचं सांगितलंस, तरी तुला गुन्हेगारासारखं वाटतंय. १९९९ पर्यंत आपल्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा मिरगी वेडेपणाच्या बरोबरीने लिहिलेली होती, मग ती काढली. कायद्यातून काढायला इतकी वर्षं लागली तर घरातून जायला वेळ लागेल. अजूनही फिट आली की लोक चप्पल नाहीतर कांदा हुंगवतात. त्यांना एकच सांग, शांतपणे, मुलासमोर नाही: त्या सात आठवड्यांत गोळी बंद असती आणि मोठी फिट आली असती तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात होते. व्हॅलप्रोएटबद्दल वेळेत सांगणं, मूल व्हायच्या वयाच्या बाईला दुसरं औषध चालेल का ते बघणं हे काम सिस्टिमचं आहे, आणि ते जगभरात उशिरा झालंय. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये नियमच केला की खात्रीचं गर्भनिरोधन आणि सगळी माहिती दिल्याशिवाय मूल होऊ शकेल अशा बाईला व्हॅलप्रोएट द्यायचं नाही. फ्रान्समध्ये मरीन मार्टिन नावाच्या एका आईने २०११ मध्ये अशा कुटुंबांची संघटना काढली तेव्हा तिथे ह्यावर बोलणं सुरू झालं. तुला सतराव्या-अठराव्या वर्षी कोणी समोर बसवून "पुढे मूल हवं असेल तेव्हा आधी ये" असं सांगितलं होतं का? नसेल सांगितलं तर राग तिकडचा आहे, तो स्वतःवर काढू नकोस.

दुसऱ्या बाळाचं. होऊ शकतं, आणि ह्या वेळी तुझ्या हातात एक गोष्ट जास्त आहे, प्लॅनिंग. प्रयत्न सुरू करायच्या आधी निदान काही महिने न्यूरोलॉजिस्ट आणि गायनॅक दोघांना भेट, आणि एकाने काय सांगितलं ते दुसऱ्याला लेखी दाखव, तोंडी निरोप चालत नाहीत. तोपर्यंत गर्भनिरोधन नीट वापर. आत्ता तू ज्या औषधावर आहेस ते ह्या बाबतीत चांगल्यापैकीच धरलं जातं, त्यामुळे बहुतेक मोठा बदल लागणार नाही, पण ते डॉक्टर ठरवतील. फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून हवं, डोस त्यांना विचार. त्याच २०१३ च्या अभ्यासात दिवस राहायच्या सुमारास फॉलिक घेतलेल्या आयांच्या मुलांचा आयक्यू सरासरी १०८ आणि न घेतलेल्यांच्या मुलांचा १०१ आला होता, म्हणजे स्वस्तातली गोळी पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. प्रेग्नन्सीत शरीर लेव्हेटिरासिटाम जास्त भराभर बाहेर टाकतं, रक्तातलं प्रमाण उतरतं, म्हणून मधे डोस वाढवावा लागू शकतो. "बाळासाठी कमी करायच्या ऐवजी वाढवतायत" असं घरात कोणी म्हणेल, तेव्हा हे लक्षात ठेव. अंगावर पाजायला पण बहुतेक वेळा हरकत नसते. आपल्याकडच्या बायकांची माहिती परदेशातून आणायला लागते असंही नाही, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूटमध्ये १९९८ पासून फिट्स असलेल्या गरोदर बायकांची आणि त्यांच्या मुलांची नोंद ठेवतायत. तुझे न्यूरोलॉजिस्ट ते काम ओळखत असतील.

माझं मत विचारशील तर दुसऱ्याचा विचार थोडा थांबव, पहिल्याची कानाची टेस्ट, पहिलं असेसमेंट आणि थेरपीचे पहिले काही महिने होऊ देत. त्याला आत्ता तुझा वेळ खूप लागणार आहे आणि तुला झोप. पण हा निर्णय तुमच्या दोघांचा, सासूबाईंचा नाही आणि माझाही नाही.

गोळी आज रात्री घे. कानाचा रिपोर्ट आला की मला परत लिही, आणि हो, तो रिपोर्ट सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस.